एसीत गॅस भरला, आता पुढं काय? पहिल्या तासापासून पहिल्या महिन्यापर्यंत काय बघायचं

नारायणगाव / मंचर (प्रतिनिधी) : उन्हाळी कांद्याची काढणी उरकत आली की आपल्याकडं दुसरीच धावपळ सुरू होते. एसी दुरुस्त करणाऱ्याचा फोन लागत नाही. "गार करत नाय, गॅस संपला असंल, येऊन भरून जा," एवढंच बोलणं होतं. मेकॅनिक येतो, गेज लावतो, बाटलीतून गॅस सोडतो, अडीच-तीन हजार घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्या रात्री खोली गार पडते. पण बऱ्याच घरांत पुढच्या एप्रिलात, कधी कधी तर महिन्याभरातच, तोच फोन पुन्हा करावा लागतो.

एसी ही आता फक्त बंगलेवाल्यांची चैन राहिलेली नाही. बेल्हे, आळे, राजुरीपासून इकडं लोणी-धामणीपर्यंतच्या पूर्व पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात स्लॅबचं घर रात्री बारापर्यंत तापलेलं असतं. पूर्वी माणसं अंगणात, ओट्यावर बाज टाकून झोपायची. आता जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याच्या भीतीनं दारं-खिडक्या लावूनच झोपावं लागतं. घरात म्हातारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात. त्यामुळं मळ्यातल्या वस्तीवरही एक खोली तरी एसीची, असं दिसू लागलंय. म्हणून गॅस भरल्यानंतर एसी कसा चालवायचा आणि काय काय बघायचं, हे नीट समजून घेऊ.

गॅस संपत नाही, गळतो

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, की स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा संपत नाही.

ज्यांनी मोट बघितली आहे त्यांना हे लगेच कळंल. खोलीतली उष्णता म्हणजे विहिरीतलं पाणी समजा. गॅस म्हणजे मोट. मोट रिकामी खाली जाते, भरून वर येते, थारोळ्यात रिती होते आणि पुन्हा खाली जाते. कॉम्प्रेसर म्हणजे बैलजोडी. बाहेरचं आऊटडोअर युनिट म्हणजे थारोळं, तिथं उष्णता ओतली जाते. म्हणून तर आऊटडोअरसमोर उभं राहिलं की गरम वारा लागतो. पाणी उपसून मोट संपत नाही. तसाच उष्णता वाहून गॅस संपत नाही. तोच गॅस तांब्याच्या बंद नळीत वर्षानुवर्षं फिरत राहतो.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. फ्रिजमध्येही असाच गॅस असतो. दहा-पंधरा वर्षं फ्रिज चालतो, त्यात दर उन्हाळ्याला कुणी गॅस भरतं का? गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलरही याच तत्त्वावर चालतो.

मग एसीतला गॅस कमी का होतो? कारण कुठंतरी भोक आहे, नट सैल आहे किंवा नळी घासली आहे. फाटकी मोट न शिवता बैल हाकत राहिलं तर बैल थकतील आणि थारोळ्यात पाणी येणार नाही. गळती न काढता नुसता गॅस भरणं म्हणजे तेच. एसीत तर नुकसान आणखी मोठं असतं. कॉम्प्रेसर स्वतः थंड राहतो तो परत येणाऱ्या गार गॅसमुळंच, आणि त्याचं तेलही गॅसबरोबरच फिरून माघारी येतं. गॅस कमी असताना महिनोन् महिने मशीन चालवलं तर कॉम्प्रेसर तापून बसतो. तेव्हा खर्च गॅसच्या कितीतरी पट होतो.

मेकॅनिक घरात असतानाच या गोष्टी बघा

एसी चांगला चालणार की नाही, याचा अर्धा निकाल मेकॅनिक घरात असतानाच लागतो. शक्यतो त्याला दुपारी बोलवा. उन्हात, तापलेल्या खोलीत मशीनची खरी परीक्षा होते. संध्याकाळी गार वाऱ्यात अर्धवट भरलेला एसीही बरा वाटतो.

गळती कुठं सापडली, हे पहिल्यांदा विचारा. ती काढली का, तेही विचारा. नळीत नायट्रोजन भरून दाब धरतो का हे बघणं, ही गळती शोधण्याची खरी रीत. त्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू द्यायचा नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

नंतर व्हॅक्युम पंप लावला का ते बघा. नळी एकदा उघडली की आत हवा आणि दमटपणा शिरतो. पंप लावून निदान २० ते ३० मिनिटं ती ओढून काढावी लागते. ती आत राहिली तर तेलाशी मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरला आतून खातं. "थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली," असं कुणी म्हणालं तर ते काम पुरं झालं असं समजू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे वजनकाटा. एसीच्या बाहेरच्या डब्यावर जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर मीटरमागं किती ग्रॅम वाढवायचा तेही कंपनीच्या पुस्तकात असतं. बाटली काट्यावर ठेवून तेवढाच गॅस भरायचा. नुसत्या गेजच्या काट्यावर भरवसा नको, कारण गॅसगणिक दाब वेगळा असतो. आर-२२ मध्ये चालू मशीनचा दाब साधारण ६० ते ७० असतो, तर आर-३२ किंवा आर-४१०ए मध्ये शंभराच्या पुढं. बाहेरच्या उन्हाप्रमाणंही तो बदलतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर हळू चालला की आकडा वेगळा आणि जोरात चालला की वेगळा.

गॅस कोणता, हे तर डोळ्यांनी बघाच. आजकालच्या बहुतेक नव्या घरगुती एसीत आर-३२ असतो. थोड्या जुन्यात आर-४१०ए आणि त्याहून जुन्यात आर-२२. काही एसीत आर-२९० असतो, तो म्हणजे प्रोपेन. जो पट्टीवर छापलाय तोच भरायचा, दुसरा नाही आणि मिसळून तर नाहीच. आर-४१०ए हा मुळातच दोन वायूंचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. त्यातून बराच गॅस गेला असेल तर उरलेल्यावर भर घालण्यापेक्षा तो काढून नव्यानं वजनावर भरलेला बरा.

शेवटची बारीक गोष्ट. आऊटडोअरच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपणं असतात. गॅस भरून झाला की ती परत लावून घट्ट आवळायची. घाईत ती तशीच राहतात आणि पिनेतून गॅस हळूहळू जात राहतो.

पहिला तास : चार खुणा

गॅस भरला की मशीनला आराम द्यावा लागतो, असं काही जण सांगतात. आऊटडोअर जागेवरच असेल तर त्याची गरज नाही, लगेच चालू करा. मात्र युनिट खाली उतरवून टेम्पोत आडवं टाकून नेलं-आणलं असेल, तर बसवल्यावर काही तास उभं तसंच राहू द्या, म्हणजे तेल खाली बसतं.

चाचणीपुरतं, फक्त चाचणीपुरतंच, रिमोट सगळ्यात कमी अंशावर आणि पंखा जोरात ठेवा. इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला पाहिजे. वीसेक मिनिटांनी या खुणा बघा.

एक, हवेतला फरक. साधा थर्मामीटर घ्या. वरून जाळीत ओढली जाणारी हवा आणि खालून येणारी गार हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. खोलीत ३४ असेल तर बाहेर पडणारी हवा २२ ते २६ च्या आसपास.

दोन, आऊटडोअरला जोडलेल्या नळ्या. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसीत जाड आणि बारीक, दोन्ही नळ्या गार लागतात आणि त्यांना घाम येतो. बारीक नळीवर बर्फ धरतोय आणि जाड नळी कोमट आहे, तर गॅस अजून कमी आहे.

तीन, आऊटडोअरचा वारा. तो खोलीपेक्षा आणि बाहेरच्या हवेपेक्षाही स्पष्ट गरम लागला पाहिजे. गरम नसेल तर उष्णता उपसलीच जात नाही.

चार, विजेचा प्रवाह. मेकॅनिककडं वायरीला लावायचा चिमटा-मीटर असतो. दीड टनाचा साधा एसी पूर्ण जोरात साधारण ७ अँपिअरच्या आसपास घेतो. नेमका आकडा पट्टीवर छापलेला असतो. त्याहून बराच जास्त असेल आणि गारवाही कमी असेल, तर गॅस जादा भरला गेल्याची शंका घ्या. "थोडा जास्त टाकलाय, चालंल वर्षभर," हे ऐकायला गोड लागतं, पण जादा गॅसनंही कॉम्प्रेसरच मरतो.

पाणी किती गळतं यावरून मात्र माप काढू नका. एप्रिलात धामणीच्या कोरड्या हवेत पाइपातून थेंब थेंब पडंल. तोच एसी जुलैत घोडेगावच्या दमट हवेत बादली भरंल. पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं, गॅसचं नाही.

पहिली रात्र : किती अंशावर?

चाचणी झाली, मेकॅनिक गेला, आता १६ वरचा रिमोट २५ किंवा २६ वर आणा. १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते असं आपल्याला वाटतं. साध्या एसीत कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालतो. तुम्ही १६ सांगा नाहीतर २५, तो तेवढाच गारवा फेकणार. फरक एवढाच, की २५ ला पोचल्यावर तो थांबतो आणि १६ ला बहुधा कधी पोचतच नाही. मग रात्रभर चालू.

ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे एसीवर तारे देणारी केंद्राची संस्था, सांगते की एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित नवा एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर यावा असा नियमही आहे. आपण मात्र रिमोट हातात आला की पहिल्यांदा तो खाली आणतो.

२६ वर एसी आणि छताचा पंखा एक नंबरवर, ही जोडी लेकरांना आणि म्हाताऱ्यांना मानवते. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारा किंवा दिवसभर वर जुनं शेडनेट ताणून ठेवा. तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत असतो आणि एसीची निम्मी ताकद त्याच्याशीच भांडण्यात जाते. झोपायच्या आधी अर्धा तास खिडक्या उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर घालवली तरी फरक पडतो. वस्तीवर बिबट्याचा वावर असेल तर हे काम अंधार पडायच्या आत उरका किंवा जाळी असलेलीच खिडकी उघडा.

पहिला आठवडा : मीटर वाचायला शिका

गॅस भरून झाल्यावर दोन-तीन दिवसांत एकदा दुपारी हे करा. घरातलं बाकी सगळं बंद करून महावितरणच्या मीटरवरचं युनिट टिपा, तासभर एसी चालवा, पुन्हा टिपा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर तासाला साधारण दीड युनिट घेतो. इन्व्हर्टर असेल तर खोली गार झाल्यावर दुसऱ्या तासाला आकडा चांगला उतरला पाहिजे. उतरत नसेल तर समजायचं, की खोलीतून गारवा निसटतोय किंवा मशीन पूर्ण ताकदीचं काम करत नाही.

हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी किंवा पुढच्या महिन्यात तुलना करायला तोच उपयोगी पडतो. गॅस हळूहळू गळत असेल तर गारवा कमी व्हायच्या आधी युनिट वाढतात, कारण तोच गारवा द्यायला मशीन जास्त वेळ चालतं.

हिशोबही मांडून बघा. रात्री आठ तास, तासाला सरासरी एक युनिट धरलं तर महिन्याला २४० युनिट फक्त एसीचे. घरगुती बिलात १०० युनिटनंतर आणि ३०० युनिटनंतर दर चढतो. म्हणजे एसी नुसते स्वतःचे युनिट वाढवत नाही, घरातल्या बाकीच्या विजेलाही वरच्या दरात ढकलतो. गळक्या एसीचा खरा खर्च गॅसच्या बिलात नाही, विजेच्या बिलात असतो.

व्होल्टेज : वस्तीवरच्या घरांनी हे वाचाच

घराला वीज २३० व्होल्टची, त्यात ६ टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला हवी. प्रत्यक्षात मळ्यातल्या वस्तीवर मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळे पडतात, हे आपण रोज बघतो. व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि बंद पडतो. गारवा कमी होतो आणि आपण म्हणतो, गॅस गेला!

म्हणून गॅस भरल्यावर पुन्हा तक्रार वाटली तर आधी स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा. इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही असं दुकानात सांगतात. ते किती व्होल्टपर्यंत खरं आहे, ते डब्यावर लिहिलेलं असतं. आपलं व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर हवाच. लाइट जाऊन आली की एसी लगेच चालू करू नका, तीन मिनिटं थांबा. नळीतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या तर सरळ पिन काढा. आणि अर्थिंग तपासून घ्या. गावाकडं उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. व्होल्टेज सतत कमी येत असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आऊटडोअर : बराख, गोठा आणि पोल्ट्री

शहरातल्या पुस्तकात न लिहिलेल्या काही गोष्टी आपल्याकडं आहेत.

कांद्याची बराख आऊटडोअरच्या जवळ असेल तर टरफलं उडून मागच्या पंख्यांच्या पत्र्यांत, म्हणजे फिनमध्ये, अडकतात. गोधडी पांघरून पळायला लावल्यासारखी मशीनची गत होते. दर पंधरा दिवसांनी मागून बघा.

धुताना फवारणीचा एचटीपी पंप वापरू नका. त्याच्या दाबानं फिन झोपतात आणि वारा कायमचा अडतो. साध्या पाइपानं, हलक्या धारेनं, मशीन बंद करून आणि पिन काढून धुवा. औषध कालवलेल्या ड्रमचं पाणी तर अजिबात नको.

पोल्ट्री शेड किंवा गोठा लागून असेल तर आऊटडोअर तिकडच्या भिंतीला बसवू नका. कोंबडखताचा आणि मुताचा जो झणझणीत वास येतो तो अमोनियाचा. दमट हवेत अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. पोल्ट्रीशेजारच्या घरात वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पुन्हा गॅस जात असेल तर हे कारण आधी तपासा. जागा बदलणं हा खर्च एकदाचा, गॅस दरवर्षीचा.

धूळ बसू नये म्हणून काही जण आऊटडोअरला पोतं किंवा शेडनेट गुंडाळतात. ते चुकीचं आहे. वरून छतासारखं बांधा, चारही बाजू मोकळ्या ठेवा. उंदरांनी नळीवरचा फोम कुरतडला असेल तर तो पुन्हा लावून घ्या. उघड्या नळीवरून गारवाही जातो आणि नळी भिंतीला घासून भोकही पडतं.

घरातल्या युनिटची जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी धुवायची, त्याला मेकॅनिक लागत नाही. जाळी तुंबली तरी बर्फ धरतो आणि गारवा जातो. "गॅस संपला" म्हणून फोन करण्याआधी जाळी धुवा, आऊटडोअर साफ करा, व्होल्टेज बघा. या तिन्हीनंतरही गार होत नसेल तरच गॅसचा विषय काढा.

बर्फ धरलाच तर तो स्क्रू ड्रायव्हरनं टोकरू नका, तांब्याला भोक पडंल. एसी बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ आपोआप वितळतो.

गॅस गळतोय असं वाटलं तर

आर-३२ हा हलका ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन तर चांगलाच पेट घेतो. हे वायू हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साचतात. बंद खोलीत खाली अंथरूण टाकून झोपणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. फुसफुस आवाज आला, नटाजवळ तेलाचा डाग दिसला आणि गारवा अचानक गेला, तर एसी बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि माणसं बाहेर काढा. काडी, उदबत्ती, मच्छर कॉइल, शेगडी काही पेटवू नका. ज्वाळेत सापडला की आर-३२, आर-२२ सारख्या गॅसचा विषारी धूर होतो. गळणाऱ्या नळीवर हात धरू नका, द्रव गॅसनं कातडी गोठून जखम होते.

आणि स्वयंपाकाचा गॅस एसीत भरण्याचा उद्योग कुणी स्वस्तात सुचवला, तर त्याला दारातूनच माघारी पाठवा.

या गॅसचा वाऱ्या-पावसाशीही संबंध आहे. हवेत सोडलेला १ किलो आर-३२ हा १०० वर्षांच्या हिशोबानं सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-४१०ए चा हाच आकडा दोन हजारांच्या पुढं आहे. आर-२२ तर ओझोनचा थरही खातो, म्हणूनच १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापासून असे वायू जगभर टप्प्याटप्प्यानं बंद होत आहेत. अवकाळीनं द्राक्षं आणि टोमॅटो झोडपून निघालेल्या आपल्या तालुक्यांना हे वेगळं सांगायला नको. जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्यापेक्षा तो यंत्रानं बाटलीत काढून घेता येतो, तसं मेकॅनिकला विचारा.

पहिला महिना : साबणाचा फेस आणि पावती

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासणी करा. मशीन बंद असताना आऊटडोअरच्या नटांना आणि टोपणांना शाम्पूचा दाट फेस लावा आणि पाच मिनिटं बघत बसा. फुगे फुगत असतील तर गळती आहे. थर्मामीटर पुन्हा लावा. फरक पहिल्या दिवशी ११ अंश होता आणि आता ६ वर आलाय, तर गॅस जातोय. तेव्हाच मेकॅनिकला बोलवा, एप्रिलची वाट बघू नका.

पण त्यासाठी हातात पावती पाहिजे. पावतीवर या पाच गोष्टी लिहून घ्या :

१. गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरला.
२. गळती कुठं सापडली आणि काय दुरुस्ती केली.
३. व्हॅक्युम किती मिनिटं केला.
४. हवेतला फरक किती अंश आणि प्रवाह किती अँपिअर.
५. कामाची हमी किती दिवसांची.

एसी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रालाच कळवा. बाहेरच्या माणसानं हात लावला म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पैसे घेऊन काम अर्धवट सोडलं आणि दाद लागू दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथंही पहिला प्रश्न पावतीचाच असतो.

चांगला मेकॅनिक या प्रश्नांना वैतागत नाही. उलट ज्याच्याकडं वजनकाटा आणि व्हॅक्युम पंप आहे त्याला असं गिऱ्हाईक बरंच वाटतं, कारण त्याच्या कामाची किंमत कळते. असा माणूस चार-पाचशे रुपये जास्त घेत असेल तर द्या. तो गळती बुजवून जातो, आणि पुढचा उन्हाळा त्याला फोन न करता निघतो.